तिथीची पाऊणपट

पाजपंढरीच्या सोसायटीत डिझेलचा हिशेब
रात्री साडेनवाला मी काढते.
काढते म्हणजे, सुहेल मुकादमने लिहून ठेवलेली
एकोणीस ओळींची बॅच फाइल चालवते.
तो आता दापोलीला बँकेत लागलाय, फोन उचलत नाही.

फाइलमध्ये फोल्डरचं नाव कुठेच नाही.
नुसतं %जागा%.
दोन टक्क्यांच्या मध्ये एक शब्द,
दोन बोयांमध्ये ताणलेल्या दोरासारखा.
जागा कुठली, ते फाइलच्या बाहेर सांगून ठेवायचं:
सेट, नाव, बरोबरचं चिन्ह, पत्ता.
चिन्हाआधी चुकून मोकळं सुटलं
तर ते भलतंच नाव होतं, शेपटीला रिकामपण असलेलं.
यात माझा अख्खा मंगळवार गेला.

आणि एका खिडकीत सेट केलेलं दुसरीला कळत नाही.
हर्णैच्या वाळूवर एका घोळक्यात सुरमईचा भाव फुटतो,
वीस पावलांवरच्या घोळक्याला पत्ताही नसतो,
तसं.

धर्मा दोरकुलकर बर्फाच्या पावतीसाठी थांबले होते.
त्यांना म्हटलं, ओळ तीच राहते तांडेल, आतली किंमत बदलते.
"म्हंजे भरती," ते म्हणाले. "तिथीची पाऊणपट.
अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ.
हिशेब आज्याचा, तिथी आजची."
मला जरा रागच आला.
दोन आठवडे मी पुस्तक उघडून बसले होते.

"आन तिथीच नाय म्हायती तर?"

मी सतरावी ओळ पाहिली.
पुसून टाक, %जागा%च्या आतलं सगळं,
पोटातल्या फोल्डरांसकट.
जागा सुहेलच्या खात्यात सेट होती.
आज पहिल्यांदाच मी माझ्या नावाने आत आले होते.

काळ्या खिडकीत हाताने विचारलं, जागा काय?
मशीन तोच शब्द परत म्हणालं, टक्क्यांसकट,
बहिऱ्यासारखं.
फाइलमधून विचारलं तर तेवढंही नाही.
नुसतं मोकळं, आणि पुढचं वाचायला सुरुवात:
पुसून टाक, च्या आतलं सगळं.
कशाच्या, हे कोणी विचारत नाही.

तांडेल भिंतीशी बोलल्यासारखे सांगत होते,
त्यांचा भाऊ एकदा तिथी न विचारता
आंजर्ल्याच्या मुखात शिरला.
"शून्याची पाऊणपट शून्य. शून्य पन येळच हाय ना.
फाटेपर्यंत होडी वाळूत कलती."

एंटरवरचं बोट मी उचललं.
पहिल्या ओळीच्याही वर लिहिलं:
जागा ठरलेली नसेल तर थांब.
मग नीट सेट केली, मोकळं न सोडता.

दाराशी चप्पल शोधताना त्यांनी विचारलं,
"आज सप्तमी ना?"
मी कॅलेंडर पाहिलं.
सप्तमी, रात्री आठ अठ्ठावनपर्यंत.
घड्याळात नऊ दहा.