दहापर्यंत

रविवारी सकाळी सातला
अजनीच्या पुलाजवळ तर्री उकळत असते
आणि पहाटेची परदेशातली फाइट पाहून आलेले आम्ही चौघं
डोळे चोळत बाकड्यावर बसतो.
मे महिना. बाकडं आत्ताच तापलेलं.
निमजेचा कूलर रात्रभर कॉमेंटरीवर ओरडत होता,
ही पहिली तक्रार. मग खरी सुरुवात.

"हेवीवेट म्हणजे ठोसा बे," डोमा निमजे म्हणतो,
"एक बसला का तिसऱ्या रांगेतल्याचा चष्मा पडला पाह्यजे."
"ठोसा तं म्हशीच्या लातेतबी राह्यते."
सहारे मास्तर पोह्यांवर चणे सारखे करतात.
"मार खाऊन उभा कोण राह्यते, थे सांग. हनुवटी पाह्य, हनुवटी."
शकूर टेलर मापाचा माणूस.
"अरे मियाँ, समोर कोन होता थे बोला ना.
कापड पाह्यल्याबिगर शिलाईची तारीफ कशी करता?"

चौथा मी.
"काका, तुम्ही तं रिंगच्या टेबलावर बसत होते. तुम्ही सांगा."
मी सांगतो, तर्री आज जरा जास्तच जळजळते.

तेवीस वर्षं जिल्हा स्पर्धेचा घड्याळवाला होतो मी.
एक घंटा, एक स्टॉपवॉच, टेबलावर थाप मारायला एक लाकडी ठोकळा.
या शहरात एकशे चार किलोचा माणूस
मिठाईच्या गल्ल्यावर सापडतो, रिंगमध्ये नाही.
एकच होता, हरिदास वाघधरे, लोको शेडमधला खलाशी.
चार वर्षं विजेता. एकही ठोसा न मारता.
दर वर्षी हातमोजे घालून कोपऱ्यात उभा राहायचा,
समोर रिकामं स्टूल, पाण्याची भरलेली बादली.
पंच त्याचा हात वर करायचे, वॉकओव्हर.
टाळ्या त्याची बायको सुगंधा वाजवायची,
तिचं पाहून लाजेकाजेस्तव दोघं-तिघं.

पाचव्या वर्षी कामठीहून एक फौजी आला.
हरिदास त्याला पाहून इतका हसला
की माउथगार्ड बाहेर पडलं.

दुसऱ्या राउंडला डावा हूक.
पडला तो आवाज मला टेबलातून कळला.
मी थाप मारली. एक.
दोन.
चार वर्षं वाट पाहिली या माणसानं.
तीन.
माझा हात जड झाला, की मी केला, माहीत नाही.
काटा पुढे जात होता, ठोकळा मागे राहत होता,
आणि पंच काटा बघत नाही,
पंच थाप ऐकतो.

नवाला हरिदास उठला.
घड्याळात तेरा झाले होते.
मंडपाचे पत्रे वाजतील एवढा ओरडा.
पंचांनी त्याचे मोजे स्वतःच्या शर्टाला पुसले,
विचारलं, लढतोस?
त्यानं मान हलवली. नाही.
दातांनी नाडी सोडली, फौजीला मिठी मारली, उतरला.
लोक "भिला बे, भिला" म्हणत पांगले.
सुगंधा तेव्हाही टाळ्या वाजवत होती.

नळावर मान खाली घालून पाणी घेताना म्हणाला,
"पडल्या पडल्या मीबी मोजून राह्यलो होतो, भाऊ.
माह्ये दहा झाले होते."
मी काही बोललो नाही.
टॉवेलनं कान पुसत थोडं थांबून म्हणाला,
"जुनं झालं घड्याळ तुह्यं. चाबी देत जा."

माझं घड्याळ नवं होतं. त्याला चाबी नव्हतीच.
हे त्यालाही माहीत होतं.

पाच लढती, चार वॉकओव्हर, एक माघार.
असा माणूस या बाकड्यावरच्या वादात
कोणत्या मापानं आणू?
निमजे आता पैज लावतोय,
मास्तर आणखी एक प्लेट सांगतात, पैसे शकूरनं द्यायचे.

"काका, चमच्यानं काय वाजवून राह्यले?"

मी बघतो. स्टीलच्या प्लेटवर, सावकाश.
काही नाही, म्हणतो,
आणि सहावर हात थांबवतो.