मालकी हस्तांतरण

सोमवारी उद्यमनगरला सुट्टी.
शटरं खाली, भट्टी गार,
चहाच्या गाड्यावर फक्त एक मांजर.
ऑफिसात मी एकटी, कारण उद्या नूतनीकरणाची तारीख
आणि सॉफ्टवेअरला आपला सोमवार कळत नाही.

चौतीस नावं. प्रत्येक नावाला महिन्याचं भाडं,
बोललं तरी, गप्प बसलं तरी.
सन्मती म्हणाले, तीसवर आणा, मगदूमबाई,
आणि मालकी माझ्या नावावर करून टाका.
पुण्यात शिकलेत. त्यांना गोल आकडे आवडतात.
वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने सुटतात, हेही मी सांगून बघितलं.
त्यावर बाबगोंडाअण्णा आतल्या खोलीतून:
"वर्षाचं आधीच? उसाचं बिल तरी कोण आधी देतंय काय?"

मग यादी.
'ट्रेनी दोन' कोण होता, तोही विसरला असेल.
कँटीनचा टॅब, पडून फुटलेला, अजून ऑनलाइन.
कोइमतूरचा खरेदीवाला पाहुणा म्हणून आला होता,
दोन वर्षं झाली, उठायचं नाव नाही.
आणि पॅटर्नशॉपचे विष्णू लोहार. निवृत्त.
त्यांचं शेवटचं वाक्य तिथंच आहे:
"साचा ११७ची डावी बाजू दोन सूत घासून घ्या."
कुणी घासली का, खाली काही नाही.
खातं बंद केलं. लिहिलेलं राहतं म्हणे.

'शिफ्ट दोन' हे खातं एक, माणसं दोन,
रफिक मुल्लाणी आणि निंगाप्पा.
निरोपाच्या शेवटी र. नाहीतर नि.
एकदा दोघांचं वाजलं, तेव्हा
एकच माणूस स्वतःला शिव्या घालत बसलाय असं दिसत होतं.
नियमात बसत नाही.
राहू दे.

तीस झाले.

लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी अडकल्या होत्या, तेव्हा
कसबा बावड्यात, घरी, गॅसच्या ओट्याशी उभी राहून
मी हे माझ्याच ईमेलनं उघडलं होतं, फुकटच्या प्लॅनवर.
म्हणून ज्यांच्या नावाची पाटी दारावर
ते बाबगोंडाअण्णा इथं सदस्य,
आणि पगारपत्रकात 'लिपिक (हंगामी)' असलेली मी
मालक.
कुणाला माहीत नव्हतं.
मलाही आठवायचं ते कार्डाची मुदत संपली की:
"प्रिय मालक, आपले पैसे जमा झाले नाहीत."

खिडकी विचारते, हे मागे घेता येणार नाही. खात्री आहे?
बोट ठेवलं. उचललं.

फेटलिंगच्या गौराबाई.
कास्टिंगवर हातोडी टिचकीएवढी मारतात,
मान कलती करतात, म्हणतात, हे फुटकं.
मग एक्स-रे तेच सांगतो, बिलासकट.
त्या निंगाप्पाला सांगतात, निंगाप्पा टाइप करतो,
खाली नि.,
आणि सन्मतींचा अंगठा नि.ला.

नवीन सदस्य जोडा.
नाव: गौरा सखाराम आवळे.
पद: यादीत फेटलिंग नव्हतंच. मी लिहिलं, तपासनीस.
एकतीस.
मालक म्हणून घेतलेला माझा हा एकच निर्णय,
महिन्याला दोनशे नव्वद रुपये.

मग सोपवली.
पान मिटलं, परत उघडलं,
डावीकडचे चार मेनू गेले होते.
बाकी सगळं तसंच. पंखा बंद केला, कुलूप लावलं.

मंगळवारी सव्वानऊला पहिला निरोप.
फोटो, हललेला, मध्ये अर्धा अंगठा.
खाली आवाज, सहा सेकंदांचा:
टण्ण.
टण्ण.
ठप.
"तिसरं घेऊ नका."