कळविण्यात येते

मला सेक्रेटरी केलं ते एका डासाने.
वार्षिक सभेला कोरम नव्हता,
अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर
तेच अकरा जण.
"कुणी पुढे येतंय का?" गडाशेठ विचारत होते,
नेमका तेव्हाच मी कानाशी आलेला डास हाकलला.
वर गेलेला हात इतिवृत्तात नोंदला गेला.

कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व.
गेटवर पाटी:
सुप्रभा सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित.
सहकार किती, ते पाटीनेच सांगून टाकलेलं.

चार्ज म्हणून मिळालं ते असं:
एक शिक्का, सुकलेलं शाईचं पॅड,
नोटीस बोर्डाच्या काचेची पितळी किल्ली
आणि जुन्या नोटिसांची फाइल, नमुन्यादाखल.

ती भाषा मी आठवड्यात शिकले.
'असे निदर्शनास आले आहे की'
कुणाच्या, ते नाही.
'सर्व सभासदांना कळविण्यात येते'
कोण कळवतं, ते नाही.
एकतीस वर्षं मी वर्गात विचारत आले, कर्ता कोण?
आणि इथे कर्त्यावाचून सगळं सुरळीत.
टाक्या धुतल्या जात होत्या, दंड आकारला जात होता,
थकबाकीदारांची नावं लावली जात होती.
काचेला कुलूप होतं.
तांडेल, २०४, दोन तिमाही,
हे मीच लिहिलं. सुवाच्य अक्षरात.
त्यानंतर जिन्यात ते माझ्यासाठी बाजूला सरत,
एरवीपेक्षा जरा जास्तच.

मग एका रविवारी गळतीची परीक्षा.
प्लंबर रहमतभाईंनी दोन बादल्या कालवल्या:
वर कुट्टीबाईंच्या न्हाणीघरात नीळ,
शाफ्टमधल्या पाइपात खाण्यातला लाल रंग.
"माझी फरशी नवी आहे," कुट्टीबाई तीनदा म्हणाल्या,
चौथ्यांदा मल्याळममध्ये.
आणि मी २०४ मध्ये, स्टुलावर,
शेजारी तांडेल, दुसऱ्या स्टुलावर,
दोघं छताकडे बघत.

छत बघायला वेळ लागतो.
पोपडे, बुरशी, खाली लावलेलं पातेलं.
भिंतीपासून ओढून आणलेलं कपाट,
त्यावर मुलीची पुस्तकं, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली.
तासाभराने ते बोलले, मान वरच ठेवून,
"पाच पत्रं दिली, बाई.
पाचही वेळा शिक्का मिळाला.
माणूस नाही आला."

मला उत्तर सुचलं ते सगळं कर्मणी होतं.
दखल घेण्यात आली होती. विषय ठेवण्यात आला होता.
गिळलं.
चहा आला. कपात वरून एक थेंब पडला,
दोघांनीही बघितला.
लाल.

लाल म्हणजे शाफ्ट,
शाफ्ट म्हणजे सामाईक,
सामाईक म्हणजे संस्था,
आणि संस्था म्हणजे त्या घटकेला
स्टुलावर बसलेली मी.
सापडला कर्ता.

रात्री नोटीस लिहायला बसले.
'असे निदर्शनास' खोडलं.
लिहिलं: मी आज २०४ मध्ये गेले होते.
पाच महिने आधी जायला हवं होतं.
पाइप आपला आहे, चूक कमिटीची आहे,
थकबाकीच्या यादीतलं ते नाव मी चुकिच्या घाईने लावलं.
खाली सही. शिक्का नाही.
काच उघडी ठेवली, कुलूप पर्समध्ये टाकलं.

गडाशेठ नाराज आहेत.
अशाने उद्या सगळेच हप्ते अडवतील, म्हणतात.
अडवतीलही.
तांडेलांनी एका तिमाहीचे भरले,
दुसरीचं पाइप झाल्यावर बघू, म्हणाले.
कुट्टीबाई मात्र खुश, फरशीचं नाव निघालं.

बुधवारी बोर्डापाशी थांबले.
'चुकिच्या'मधल्या ऱ्हस्व 'कि'वर
कुणीतरी लाल पेनने गोल करून
दीर्घ 'की' लिहिली होती, व्यवस्थित,
आणि बाजूला, समासात, बारीक अक्षरात:
बाई, तुम्हीच शिकवलंत.

एक गुण कापला होता.
मी तो तसाच ठेवला.