आधी रिकामी गाडी

सावद्याच्या काट्यावर मी पावत्या लिहिते.
आधी रिकामी गाडी चढते,
मग केळी भरून तीच गाडी.
दोन्हींतली वजाबाकी म्हणजे माल.
सुपडूभाऊ खिडकीतून विचारतो,
"ताई, डायवर धरून का सोडून?"
जन्मल्या जन्मल्या सुपात घातलेला म्हणून सुपडू,
आता सुपात मावणार नाही.
"सोडून," मी म्हणते, आणि तो उतरतो सावकाश.

गाड्या नसताना एका दुपारी
मीच चढून पाहिलं.
काट्यानं सत्तर दाखवलं.
हा दहा-दहाच्या पायरीनं मोजतो,
मधलं काही त्याला कळत नाही.
गिरिजा पोटात येण्याआधी मी छप्पन होते.
वजाबाकी केली. चौदा.
पण माल तर केव्हाच उतरवला होता,
दोन किलो आठशे, फैजपूरच्या दवाखान्यात,
त्याची पावतीसुद्धा आहे.
मग हे चौदा कुणाचे?

आत्या म्हणतात, दुधाचे.
डिंक, अळीव, खोबरं, गूळ,
पितळी डब्यात मुठीएवढे लाडू,
"तू नाही खाशीन त लेकराले दूध कुठून यीन?"
कळण्याच्या भाकरीवर तुपाचं तळं,
वरून चमचाभर बाळंतशोपा.
भरीत मात्र बंद. वांग्यानं बाळाला वात होतो.
वर्षभर मी खान्देशात भरताशिवाय काढलं,
ह्याची पावती कुणी देत नाही.

भुसावळच्या आहारतज्ज्ञ बाई माझ्याहून लहान.
म्हणाल्या, अंगावर पाजताय तोवर
चारशे-पाचशे कॅलरी जास्तच लागतात,
उपास नको, घाई नको.
पण ती वरचं खायला लागली,
पाजणं चारवर आलं, दोनवर आलं,
तुमचं ताट कितीवर आलं?
मी गप्प.
एक लाडू म्हणजे किती हो, विचारलं.
केवढा, त्यांनी विचारलं.
मी मूठ दाखवली.
त्यांनी पेन खाली ठेवलं.

गिरिजा नाचणीची पेज खाते, वरणभात,
ठिपके पडलेलं, घडातलं मागं राहिलेलं केळं.
अंगणवाडीत झोळीत टांगून वजन केलं,
आठ किलो दोनशे, कार्डावर हिरव्या पट्ट्यात.
झोळीत ती झुलत हसत होती.
मला कुणी असं झुलवत मोजलं असतं तर
मीही आकडा हसत ऐकला असता.

सोडवायचं ठरलं तेव्हा
आत्यांनी कडुनिंबाचा पाला वाटून दिला.
तिनं तोंड लावलं, चेहरा आवळला,
माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
आणि पुन्हा तोंड लावलं.
कडू तर कडू.
मीच पदर ओला करून पुसून टाकलं सगळं.
पुढच्या महिन्यात एके दिवशी
खेळता खेळता ती आपणच विसरली.

तिची सवय सुटली. माझी नाही.
अजून रात्री अडीचला जाग येते,
छाती हलकी, घर झोपलेलं,
आणि पोट आपल्या वेळेवर हजर,
ड्युटीवर आल्यासारखं.
झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून
डबा पदरात धरून उघडते.
आधी वाटायचं, हा लाडू तिचाच,
माझ्यातून फक्त पुढे चाललाय.
आता पुढे कुणी नाही.
भूक माझी आहे, एकटीची,
आणि तिच्याशी कसं बोलावं
मला आठवत नाही.

परवा अर्धाच खाल्ला.
उरलेला परत ठेवला, डब्यात वरच.
सकाळी आत्यांनी पाहिला,
काही बोलल्या नाहीत.
दुपारी माझ्या डब्यात भाकरीखाली
भरीत निघालं,
हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे,
तेल नेहमीपेक्षा कमी.

गाडी काट्यावर उभी होती,
सुपडूभाऊ विचारत होता, धरून का सोडून.
थांब जरा, म्हटलं.
जेवतेय.