साडेसहाची वेळ

'तिसरी पायरी' सोमवारपासून साडेआठला नाही,
साडेसहाला.
पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत गेली,
मी चष्मा शोधेपर्यंत संपलीसुद्धा.
सकाळी वाळपईच्या शेडमध्ये आले
तर सगळ्यांनीच ती वाचलेली,
आणि सगळ्यांनाच वाटलं होतं
आपण चुकीचं वाचलं.

सहाला आमचा भोंगा.
मग हात धुणं, आधी राख, वरून खोबरेल,
काजूचं तेल तरी नखांतून जात नाही.
सहा-वीसची केरीची कदंब.
रेणुका सासरचं दार उघडते त्या वेळी
आम्ही मोर्लेच्या चढावर
एका हाताने दांडी, एका हाताने डबा.
"मोबाइलवर दिसतं गो," अंकिता म्हणाली.
दिसतं. घोटेलीच्या वळणापर्यंत.
तिथे धैर्यशीलचं तोंड अर्धं उघडं राहतं
आणि गोल गोल फिरत बसतं.

"ह्या लोकांना कोणी सांगितलं
बायका साडेसहाला घरी असतात म्हणून?"
सुलक्षाने पायाची कात्री जोरात दाबली,
बी फुटली ती तिरकीच. तुकडा.
तुकड्याला भाव कमी, मी वेगळा टाकला.
वजनकाटा माझ्याकडे असतो.

लोर्सिना तेवढी पाचला सुटते.
शेडच्या मागेच तिचं घर,
नवरा बोटीवर, पोर बालवाडीत.
ती बघायची आणि सकाळी सांगायची.
काकीसाहेब नाकातून,
धैर्यशील छातीतून,
मध्ये जाहिराती पण, साबणाची सुद्धा.
पत्र कोणी जाळलं, त्यावर दोन दिवस भांडण:
जयवंती म्हणे धाकटी जाऊ,
मी म्हणे काकीसाहेब, बघ त्यांच्या बांगड्या,
त्या सीनला बांगड्या नव्हत्या हातात.
अंकिताचं सगळं लक्ष दाढीवर.
मंगळवारी होती, बुधवारी नव्हती,
आणि रात्र तर तीच चालू होती!

तानीवर मात्र कोणाचं भांडण नाही.
तानी म्हणजे ट्रे घेऊन येते ती.
आठ महिने येते. ठेवते. जाते.
"एकदा शिंकू तरी द्या तिला,"
सुलक्षा नेहमी म्हणायची.

गुरुवारी लोर्सिनाने सांगितलं:
काल तानी बोलली.
ट्रे ठेवला, पण गेली नाही.
काकीसाहेब म्हणाल्या, काय गं?
तर म्हणाली, बाईसाहेब,
तीन महिने झाले, पगार.

सगळ्या कात्र्या थांबल्या.
मुकादमाने केबिनच्या काचेतून मान वर केली,
लाईट गेली की काय बघायला.
त्या दिवशी गर भरला सव्वाआठ किलो,
एरवी अकरा होतो.
मी सव्वाआठच लिहिला.

रविवारी दुपारी आठवड्याचं सगळं एकदम दाखवतात.
भात तसाच ठेवून मी बसले.
सोमवार गेला, मंगळवार गेला,
बुधवारी तानी आली,
ट्रे ठेवला,
गेली.
मागे भिंतीवरचं घड्याळ दिसलं. बंद होतं.

सोमवारी बसमध्ये कोणी विषय काढला नाही.
म्हणजे सगळ्यांनी बघितलं होतं.
शेडमध्ये लोर्सिना आधीच बसलेली,
हातांना खोबरेल लावत, मान खाली.
अंकिता म्हणाली, पट्टी वाचलीत का,
पुढल्या आठवड्यापासून रात्री दहाला.
दहाला आम्ही झोपेत असतो.
कोणी हूं म्हटलं, कोणी तेही नाही.
बराच वेळ नुसती टरफलं पडत राहिली.

मग सुलक्षाने विचारलं,
कात्रीवरचा पाय न काढता,
"मग? मिळाला काय गो तिला पगार?"

लोर्सिनाने आधी केबिनकडे बघितलं,
मग माझ्या काट्याकडे.
"अजून नाही," म्हणाली.
"पण ट्रे तिने काल आत नेलाच नाही.
काकीसाहेब चहाला बसल्यात
हात चोळत."

"बसू दे," जयवंती म्हणाली,
आणि पुढची बी घेतली.