जर उलटा वाचला की

मरोळ, आठवा मजला, रात्रीचे पावणेदोन.
समोर परेराची बिल्ड स्क्रिप्ट.
परेरा म्हणजे फर्मिन परेरा, इथलाच, गावठाणातला.
चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला
तेव्हा मागे ठेवली पाठीला लावायची एक उशी
आणि सहाशे चाळीस ओळी.

ओळीआड जर.
जर मशीन जुनं असेल, जर शुक्रवार असेल,
जर फोल्डर सापडलं नाही,
जर सापडलं, पण रिकामं निघालं.
जर-तरचं इतकं दाट विणकाम
की जरतारीच म्हणायची.
आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,
असं आपण म्हणतो आणि विषय संपवतो.
परेराने मिशा तपासल्या असत्या,
काका छापलं असतं,
आणि खाली न चुकता: नाहीतर.

चौकटी कंसाच्या आत दोन्ही बाजूंना
एकेक जागा मोकळी सोडावी लागते,
नाहीतर शेलला ती अट वाटतच नाही.
पहिल्या महिन्यात या एवढ्याशा जागेपायी
माझे तीन दिवस गेले.
दहा बाय बाराच्या खोलीत पाचजणांत वाढलेली मी,
मोकळी जागा दिसली
की काहीतरी सरकवून ठेवायची सवय.

चारशे बारावी ओळ:
जर ठिकाण ससून डॉक, तर अक्षरं अठराची.
वर टीप, रोमन लिपीत त्याचं मराठी:
काढायच्या आधी विचार.

विचार म्हणजे विचार कर,
की कुणाला तरी विचार?
परेराचा नंबर अस्तित्वात नव्हता.
मग मी विचार केला,
मशीनमधून कॉफी पडेपर्यंत.
एका प्रिंटरसाठी वेगळी बांधणी,
रोज रात्री अकरा मिनिटं!
काढली.
हिरवी खूण आली. मी घरी गेले, झोपलेही.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन.
मागे लिलावाचा गलका, त्याच्या वर एक बाई:
"ए बाय, कागदावर मुंग्या सोडल्यास काय?"

दर्शना तांडेल. वजनकाट्याच्या टेबलाशी उभी,
प्रिंटरला जुन्या रेनकोटची शिवलेली झूल.
तिने पावती माझ्या हातावर ठेवली.
बर्फाचं पाणी, एक खवला, तिचा अंगठा,
आणि बाकी नुसता काळा पट्टा.
किती किलो बांगडा, कुणाचा, काय भावाने,
सगळं एकमेकांत मिसळलेलं.

"वैती कारकुनाला मोतीबिंदू होता.
त्याच्यासाठी करून दिलेलं परेराने."
मग वैतींचं ऑपरेशन झालं का?
"झालं. मग रिटायर झाला. मग गेला."
मग आता?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं शिळ्या मालाकडे पाहतात.
"आता कागद ओला असतो की.
तेव्हाही असायचा."

म्हणजे कारण संपलं होतं
आणि अट बरोबर होती.
हे मला कुठल्याच चाचणीत दिसलं नसतं.
आमच्या चाचण्या कोरड्या खोलीत चालतात.

संध्याकाळी ओळ परत घातली,
कंसातली जागा सोडून, दोन्हीकडची.
शेलमध्ये अट मिटवताना
तोच इंग्रजी शब्द उलटा लिहितात.
मराठीत करून पाहिलं:
जर उलटा वाचला की रज.
बाहीवर अजून तो खवला चिकटलेला,
दिव्याखाली धरला तर चमकणारा.
नखाने काढला, टेबलावर ठेवला,
मग कुठे गेला कोण जाणे.

अकरा मिनिटं परत आली. येऊ देत.
परेराची टीप तशीच ठेवली,
फक्त तिच्याखाली देवनागरीत एक ओळ वाढवली:
दर्शना तांडेलला विचार. सकाळी आठच्या आत,
नंतर ती फोन उचलत नाही.