शेवटच्या पट्टीखाली

द्राक्षवेलीतल्या चिमणीमागे
ती तिसऱ्या मजल्याच्या लाकडी सज्जातून पडली.
बोंदोबाबांनी तिला आणलं
पियानोवर घालायच्या जाड बनातीत गुंडाळून,
सोलोलाकीचा अख्खा उतार पायी,
कारण टॅक्सीवाला म्हणाला, सीटला रक्त लागेल.

बेमोल तिचं नाव.
पिल्लू होती तेव्हा अर्धा स्वर खाली ओरडायची, म्हणून.
टेबलावर ठेवली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं,
पाय लोंबतोय चिंधीसारखा,
आणि घशात घुर्रऽ घुर्रऽ चालूच,
जशी उन्हात पसरून, पोट भरून बसलेली.

"ऐक त्सियुरी," म्हातारा म्हणाला,
"खुशीत आहे. म्हणजे फार लागलेलं नाही."

मी स्टेथोस्कोप लावला.
हृदय ऐकूच येईना,
चालू गिरणीच्या पलीकडे कुणी दार ठोठावावं तसं.
अशा वेळी आम्ही नळ सोडतो.
पडतं पाणी दिसलं की मांजर चमकून थांबते
आणि तेवढ्यात ठोके मोजून घ्यायचे असतात.
(हे मला कॉलेजने नाही, झाडूवाल्या नुनूने शिकवलं.)
दोनशे चाळीस.
नळ बंद केला. पुन्हा घुर्रऽ.

मग मी सांगितलं, ठाऊक आहे तेवढं.
की मांजर मरतानाही घुरघुरते,
आणि विताना, अडगळीत, एकटी,
ऐकायला कुणी नसताना.
श्वास आत जाताना, बाहेर येताना,
मधली शिवण हाताला लागत नाही.
की म्हणतात, त्या थरथरीने हाड लवकर सांधतं.
म्हणतात. मी शपथ घेणार नाही.
की पिल्लं जन्मतात आंधळी आणि बहिरी,
आईचं घुरघुरणं त्यांना अंगाने कळतं,
दूध कुठल्या बाजूला आहे ते.

"काय जन्मतात?"
"बहिरी," मी मोठ्याने म्हटलं,
आणि मग माझंच मला कसंतरी झालं.

कारण उजवा कान केव्हाच गेला त्यांचा,
डावा आता वरच्या पट्ट्या गाळतो.
वीज नसलेल्या त्या हिवाळ्यांत
बोटं कापलेले हातमोजे घालून
या माणसाने बाटलीभर रॉकेलवर पियानो लावले होते.
आता लाकडाची कांडी दातांत धरतात,
दुसरं टोक पियानोला टेकवतात,
गिऱ्हाईक खोलीबाहेर गेलं की.

ते वाकले. टेबलाच्या पत्र्याच्या कडेला
समोरचे दोन दात टेकवले.
औषधाने पुसलंय ते, असं म्हणणार होते मी.
नाही म्हटलं.
बराच वेळ तसेच. पापण्या मिटलेल्या.
"शेवटच्या पट्टीच्याही खाली," ते म्हणाले.
"थोडीशीच खाली.
इथली पट्टी कुणी बनवलीच नाही."

मी सुई भरत होते.
"मी काम करतो ना," ते बनातीशीच बोलल्यासारखं म्हणाले,
"एकच स्वर, शंभरदा, तार जागेवर येईपर्यंत,
तेव्हा शेजारी भिंत ठोकतात,
वाजवणं बंद करा म्हणून.
मी वाजवत नसतो."

भुलीखाली ती गप्प झाली.
दीड तास, एक खिळा, सात टाके.
त्यांना म्हटलं, घरी जा, सकाळी कळवते.
घरी लामारा नाही आता, हे विसरूनच म्हटलं.
ते गेले नाहीत.
बाक ओढून पिंजऱ्याच्या गजांना पाठ टेकून बसले,
कोटाची बटणं सोडून, स्वेटर वर सारून,
नुसत्या सदऱ्यावर.

पहाटे मी आले तर वाटलं, झोपलेत.
जवळ जाताच एक हात उचलला,
बोलू नको, अशा अर्थाचा.
मला तरी काही ऐकू येत नव्हतं.
फक्त मागच्या खोलीतला नळ,
रात्री नीट आवळला नव्हता मी,
टप्, टप्, टप्.
मी चवड्यांवर गेले
आणि तो घट्ट बंद केला.